आंतरराष्ट्रीय स्पोर्ट्स लॉ मूटची (अभिरूप खटल्याच्या स्पर्धेची) तयारी राज्यघटनेच्या मूटपेक्षा वेगळी कशी करायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: टीम पहिल्यांदाच आंतरराष्ट्रीय स्पोर्ट्स लॉ मूटला उतरते आहे, प्रॉब्लेम (स्पर्धेसाठी दिलेला काल्पनिक खटला) डोपिंगचा आहे, सुनावणी लोझानच्या क्रीडा लवाद न्यायालयासमोर (पुढे ‘कॅस’ म्हणतो) आहे आणि आजवरचा अनुभव फक्त राज्यघटनेच्या मूटचा.

पहिली सवय मोडायची ती ‘माय लॉर्ड’ची. समोर न्यायाधीश नसून आर्बिट्रेटर (लवाद) असतात. ‘मिस्टर प्रेसिडेंट’, ‘मेंबर्स ऑफ द पॅनेल’ एवढं पुरतं. दुसरी सवय जास्त महाग पडते. घटनेच्या मूटमधून आलेली टीम हमखास कलम १४ (समानता), कलम २१ (जीवित आणि स्वातंत्र्य) आणि न्याय्य प्रक्रियेबद्दलच्या मनेका गांधी खटल्याकडे धावते, आणि ‘खालच्या, म्हणजे पहिला निर्णय देणाऱ्या समितीनं आमचं ऐकूनच घेतलं नाही’ यावर दोन-तीन पानं खर्च करते. कॅसच्या संहितेतला आर५७ हा नियम पॅनेलला तथ्यं आणि कायदा दोन्ही नव्यानं तपासायचा पूर्ण अधिकार देतो. त्यामुळे पॅनेल शांतपणे म्हणतं, ‘बरं, आता आम्ही ऐकतोय, बोला.’ खालच्या सुनावणीतला दोष बहुतेक वेळा तिथेच धुऊन निघतो. हा मुद्दा अर्ध्या पानात आटोपा.

लागू कायदा आर५८ ठरवतो: आधी संबंधित क्रीडा महासंघाचे नियम, मग पक्षकारांनी निवडलेला कायदा, तो नसेल तर महासंघाचं मुख्यालय ज्या देशात आहे तिथला. बऱ्याच महासंघांची कार्यालयं स्वित्झर्लंडमध्ये असल्यानं स्विस कायदा मागच्या दारानं येतो. भारतीय निवाडे फार तर आधाराला.

प्रॉब्लेम हातात आल्यावर आधी तारखांचा तक्ता करा: नमुना कधी घेतला, अहवाल कधी आला, तात्पुरतं निलंबन कधी लागलं, निर्णय कोणाला कोणत्या दिवशी *मिळाला*. प्रॉब्लेम लिहिणारे सापळे इथेच लावतात. महासंघाच्या नियमांत वेगळी मुदत नसेल तर आर४९ प्रमाणे निर्णय मिळाल्यापासून २१ दिवसांत अपील करायचं. ती मुदत संपल्यावर पुढच्या १० दिवसांत सविस्तर अपील ब्रीफ (लेखी युक्तिवाद) द्यायचं (आर५१). ते चुकलं तर अपील मागे घेतलं असं मानलं जातं. वाडाची (जागतिक डोपिंगविरोधी संस्थेची) मुदत वेगळ्या हिशेबानं मोजतात, म्हणून अपेलंट (अपील करणारा) वाडा असेल तर जागतिक डोपिंगविरोधी संहितेचा अनुच्छेद १३.२.३ बोट ठेवून वाचा. खेळाडू ‘आंतरराष्ट्रीय स्तराचा’ आहे की ‘राष्ट्रीय स्तराचा’ हेही तपासा. राष्ट्रीय स्तराच्या खेळाडूला आधी देशातल्या अपील समितीकडे जावं लागतं, थेट लोझान गाठता येत नाही. आणि तुम्ही रिस्पॉन्डंट (अपिलाला उत्तर देणारी बाजू) असाल तर एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा: अपिलाच्या प्रकरणांत २०१० पासून प्रतिदावा चालत नाही. स्वतःचं अपील न करता ‘बंदी वाढवा’ अशी मागणी उत्तरात घातली की पॅनेल तिथंच अडवतं.

नियमांची कुठली आवृत्ती लागू, हे तारखेवरूनच ठरतं. प्रतिबंधित पदार्थांची यादी दरवर्षी १ जानेवारीला बदलते. शिक्षेचे नियम नियमभंग झाला त्या वेळचे, प्रक्रियेचे नियम कारवाईच्या वेळचे, आणि मधल्या काळात शिक्षा सौम्य झाली असेल तर त्याचा फायदा खेळाडूला.

आता डोपिंगचा गाभा. नमुन्यात प्रतिबंधित पदार्थ सापडला की जागतिक संहितेच्या अनुच्छेद २.१ चा भंग झाला. हेतू बघायची गरज नाही. तिथं भांडण्यात बहुधा काही हशील नसतं. खरी लढत दहाव्या अनुच्छेदावर, म्हणजे शिक्षेच्या मुदतीवर. यादी उघडून पदार्थ ‘स्पेसिफाइड’ (यादीत तशी वेगळी नोंद असलेला) आहे का ते पहिल्याच दिवशी ठरवा. नसेल तर सुरुवात चार वर्षांपासून, आणि हेतू नव्हता हे खेळाडूनं दाखवायचं. असेल तर हेतू होता हे डोपिंगविरोधी संस्थेनं सिद्ध करायचं. नाही जमलं तर दोन वर्षं. पुराव्याच्या पट्ट्याही वेगळ्या: संस्थेला पॅनेलचं ‘कम्फर्टेबल सॅटिस्फॅक्शन’ (पुरेशी खात्री) करावं लागतं, खेळाडूला शक्यतांचा तोल आपल्या बाजूला झुकला एवढं दाखवलं तरी चालतं. युक्तिवादात या दोन पट्ट्यांची सरमिसळ झाली की गुण गेलेच.

पदार्थ शरीरात आला कसा, हे दाखवल्याशिवाय ‘दोष नाही’ किंवा ‘लक्षणीय दोष नाही’ ही सवलत सहसा मिळत नाही. हेतू नाकारायला मात्र स्रोत दाखवणं सक्तीचं नाही. फक्त संहितेवरची टीपच सांगते की स्रोताशिवाय ते जमणं फार अवघड. हा बारकावा बहुतेक टीमच्या हातून निसटतो.

यासाठी नरसिंग यादवचं रिओ ऑलिंपिकमधलं प्रकरण वाचाच. तीनदा महाराष्ट्र केसरी झालेला हा पैलवान. नाडाच्या (भारताच्या राष्ट्रीय डोपिंगविरोधी संस्थेच्या) समितीनं ‘घातपात झाला’ हे मान्य करून त्याला सोडलं होतं. वाडानं कॅसच्या तिथल्या तात्पुरत्या विभागाकडे धाव घेतली आणि १८ ऑगस्ट २०१६ ला चार वर्षांची बंदी आली. पेयात कोणीतरी पावडर मिसळली ही कथा नमुन्यातल्या मेटॅनडियेनोन या स्टेरॉइडच्या प्रमाणाशी जुळत नव्हती; ते प्रमाण गोळी घेतल्यासारखं होतं. तुमच्या प्रॉब्लेममध्येही नॅनोग्रॅमचे आकडे उगाच दिलेले नसतात. फार्मसी किंवा रसायनशास्त्राच्या एखाद्या शिक्षकाला गाठा आणि सांगितलेली मात्रा, गेलेले तास, सापडलेलं प्रमाण यांचा मेळ बसतो का ते बघा.

दोष किती, याला मोजपट्टी आहे. टेनिसपटू चिलिचच्या प्रकरणात (कॅस २०१३/ए/३३२७) कमाल २४ महिन्यांचे तीन टप्पे पाडले: लक्षणीय दोष १६ ते २४, सामान्य ८ ते १६, हलका ० ते ८. पुढे टेनिसपटू एरानीच्या प्रकरणात (कॅस २०१७/ए/५३०१) ‘लक्षणीय दोष नाही’ या सवलतीपुरते दोनच टप्पे उरले: १२ ते २४ आणि ० ते १२. जुनी पट्टी नव्या नियमांना लावलीत तर प्रतिपक्ष तुम्हाला तिथेच पकडेल. निवाडे कॅसच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात; सारांशावर विसंबू नका, परिच्छेद क्रमांकासह उद्धृत करा. जुना निवाडा पॅनेलवर बंधनकारक नसतो, तरी सातत्याची ओळ दाखवली तर ती मोडायला पॅनेल कचरतं.

मागणी मोघम ठेवू नका. ‘शिक्षा कमी करावी’ ऐवजी किती महिने, कोणत्या तारखेपासून, तात्पुरत्या निलंबनाची वजावट किती, कोणते निकाल रद्द किंवा कायम, खर्च कोणी द्यायचा, असं लिहा. मुख्य आणि पर्यायी मागणी वेगळी करा. पर्यायी मागणी मुख्य युक्तिवादाला छेद देत नाही ना, हेही तपासा.

मेमोरियल (लेखी युक्तिवाद) पाठवण्याआधी पीडीएफच्या प्रॉपर्टीजमधून कॉलेजचं आणि स्वतःचं नाव काढा. नाव गुप्त ठेवण्याचा नियम असेल तर याच क्षुल्लक कारणानं दंडाचे गुण बसतात. पानांची मर्यादा, अक्षरांचा आकार, तळटीपा मोजायच्या की नाही, हे तुमच्या स्पर्धेच्या नियमांतून एकानं पाहावं. प्रॉब्लेमबद्दल आयोजकांकडून क्लॅरिफिकेशन (खुलासा) जपून मागा. तुमच्या फायद्याची पोकळी असेल तर ती स्वतःहून बुजवून घेऊ नका.

तोंडी फेरीत प्रश्न आला की आधी हो किंवा नाही, मग कारण. पॅनेलचा आवडता प्रश्न ‘हे कुठल्या अनुच्छेदात?’ असा असतो, म्हणून नियमांच्या छापील प्रतीवर खुणा लावा. लॅपटॉपवर शोधण्यात वेळ जातो. रिबटलमध्ये (प्रतिपक्षाला शेवटी द्यायच्या उत्तरात) दोनच मुद्दे घ्या, नवा एकही नको. सरावाच्या वेळी दोन्ही वक्त्यांनी दोन्ही बाजू मांडाव्यात.

अंतिम फेरी युरोपात असेल तर शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. उन्हाळ्यात अपॉइंटमेंट मिळायला वेळ लागतो, तेव्हा टीम नक्की झाली की त्याच आठवड्यात सगळ्यांच्या पासपोर्टची मुदत बघून घ्या.