कॅमेरा घेतलास ना, मग हे ऐक

अरे, महागड्या लेन्सचं नंतर बघू, आधी ५० एमएम एफ १.८ (कमी उजेडातही चालणारी लेन्स) घे, स्वस्तातली आहे आणि मैफलीत तीच कामाला येते. पुण्याचा सवाई गंधर्व संगीत महोत्सव १९५३ पासून चालूये, तिथले जुने रसिक कडक, आलापी चालू असताना खटॅक खटॅक केलंस तर मागून कुणीतरी काका बोलणारच (आणि बरोबरच बोलतील), म्हणून परवानगी आधी विचार, फ्लॅश बंद आणि सायलेंट शटर. पण सायलेंटमध्ये एक गोची आहे, आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची त्यामुळे काही दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात आणि फोटोत आडवे पट्टे येतात, मग शटरचा वेग १/१०० नाहीतर १/५० सेकंदावर आण. तबलजीचे हात हलले तर हलू देत, चेहरा शार्प पाहिजे. आणि गाणं ऐक रे, समेवर गायक मान कधी उचलणार ते स्क्रीन बघत बसून कळत नाही.

बेसबॉलला सगळं उलटं. पिचर (चेंडू फेकणारा) ते होम प्लेट (जिथे फलंदाज उभा असतो) १८.४४ मीटर, क्रिकेटच्या पिचपेक्षाही कमी, म्हणून शटर १/१००० सेकंदापेक्षा हळू ठेवूच नको. जाळी मध्ये येत असेल तर लेन्स तिला जवळजवळ चिकटव, अ‍ॅपर्चर (लेन्समधलं उजेड आत सोडणारं छिद्र) पूर्ण उघड, जाळी गायब होते.

घरच्यांचं मात्र राहून जातं बघ, लग्नसराईत दुनियेचे अल्बम होतात नि आपल्या आईचा एक धड फोटो नसतो. सकाळी ती खिडकीपाशी मेथी निवडत असते तेव्हाच काढ, "थांब, केस विंचरते" म्हणायच्या आत. रविवारी मिसळीला गेलात की मात्र कॅमेरा बॅगेतच ठेव, रस्सा गार होतो.