आईची एफडी, लेबलचा चेक आणि उरलेले दहा महिने

भोसरीहून एका वाचकाचं पत्र आलं आहे. वय २६, एमआयडीसीतल्या कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर, नोकरीला चार वर्षं दोन महिने झाले. मराठीत रॅप करतात. चॅनेलवर साडेअकरा हजार सबस्क्रायबर आहेत आणि एका गाण्याला ३ लाख ८० हजार व्ह्यूज मिळाले. वडील नाहीत. त्यांच्या विम्याचे साडेतीन लाख आईच्या नावावर एफडीत आहेत. आता दोन रस्ते समोर आहेत, असं ते लिहितात. एक, आई तयार आहे म्हणून एफडी मोडायची, नोकरी सोडायची आणि सात गाण्यांचा अल्बम तीन व्हिडिओंसह काढायचा. दोन, एका लेबलने, म्हणजे म्युझिक कंपनीने, पाच गाण्यांसाठी दोन लाख देऊ केलेत, तिथे सही करायची. लेबलला महिनाअखेर उत्तर हवं आहे.

तुम्ही पाठवलेलं गाणं मी तीनदा ऐकलं. गोधडी पांघरून स्वयंपाकघरात रेकॉर्ड केलंत, हे सांगितलं नसतं तर कळलं नसतं. दुसऱ्या कडव्याखाली प्रेस मशीनचा जो ठोका आहे, तो तुम्ही शिफ्टमध्ये मोबाइलवर टिपला आणि त्यावरच शब्द बसवले, हे वाचून तर मी पुन्हा लावलं. तेव्हा ‘हे सोडा आणि नीट नोकरी करा’ असं उत्तर माझ्याकडून येणार नाही. पण तुम्ही मांडलेले दोन्ही रस्ते मला आत्ता चुकीचे वाटतात. का, ते तुमच्याच आकड्यांवरून सांगतो.

आधी एफडी. त्या गाण्याला यूट्यूबने ७,६०० रुपये दिले, म्हणजे हजार व्ह्यूजला वीस रुपये. या दराने साडेतीन लाख परत यायला पावणेदोन कोटी व्ह्यूज लागतील. तुमचं सगळ्यात चाललेलं गाणं चार लाखांच्या आत आहे. शिवाय ही एफडी नुसती पडून नाही. तिचं महिन्याला दोन हजारांच्या आसपास व्याज येतं, आणि गॅस व लाइटबिल त्यातूनच भागतं असं तुम्हीच लिहिलंय. ती मोडलीत तर पगार बंद होईल त्याच महिन्यात हे दोन हजारही बंद होतील.

कोटेशनही पाहिलं. तीन व्हिडिओ प्रत्येकी ७०,००० म्हणजे २ लाख १० हजार, सात बीट्सचे, म्हणजे रॅपखालच्या संगीताचे, ४९,०००, मिक्स-मास्टरचे, म्हणजे आवाज जुळवून गाणं पक्कं करण्याचे, ४२,००० आणि प्रमोशनचे ४९,०००. शेवटचा आकडा आजच्या आज खोडा. ‘पाच लाख स्ट्रीमची हमी’ देणारा माणूस श्रोते देत नसतो, बॉट देतो, म्हणजे आपोआप गाणी वाजवणारे प्रोग्राम. स्पॉटिफाय असे खोटे स्ट्रीम पकडून काढून टाकतं, त्याचा दंड डिस्ट्रिब्युटरला, म्हणजे तुमची गाणी तिथे पोचवणाऱ्या कंपनीला, लावतं, आणि डिस्ट्रिब्युटर मग तुमचं गाणंच उतरवू शकतो. २०२४ पासून तिथे आणखी एक नियम आहे. मागच्या बारा महिन्यांत हजार स्ट्रीम झाले नाहीत तर त्या गाण्याचे पैसेच मिळत नाहीत. तुमच्या नऊपैकी पाच गाणी या रेषेखाली आहेत. सात नवी गाणी एकाच दिवशी सोडलीत तर त्यातली चार-पाच तशीच वाहून जातील, ही माझी खरी भीती आहे.

आता लेबलचा करार. यावर मी जास्त लिहिणार आहे, कारण इथे होणारी चूक एफडीसारखी पुन्हा जमवून भरून काढता येत नाही.

दोन लाख ही ‘ॲडव्हान्स’ म्हणून दिलेली रक्कम आहे, म्हणजे तुमच्याच पुढच्या कमाईतली उचल. सहाव्या पानावर लिहिलंय की ही उचल आणि व्हिडिओंचा तीन लाखांपर्यंतचा खर्च तुमच्या हिश्शातून वळता होईल, आणि तुमचा हिस्सा आहे वीस टक्के. पाच लाख वीस टक्क्यांतून फिटायचे तर गाण्यांनी पंचवीस लाख कमवायला हवेत. तुमच्या आजच्या दराने ते साडेबारा कोटी व्ह्यूज होतात. तोवर तुमच्या हातात दोन लाखांवर एक रुपयाही पडणार नाही. बदल्यात शब्द, चाल, मास्टर (मूळ ध्वनिमुद्रण), व्हिडिओ सगळं त्यांचं, जगभर आणि कायमचं. त्यावर दोन वर्षं दुसऱ्या कुणाकडे गायचं नाही, आणि प्रत्येक शोच्या मानधनातले वीस टक्के त्यांचे. शो तुम्ही मिळवायचे, एसटीने तुम्ही जायचं, आणि वाटा त्यांना द्यायचा.

माझे वडील ऑर्केस्ट्रात ढोलकी वाजवायचे. एका कॅसेट कंपनीने दिवसभराच्या रेकॉर्डिंगचे दीडशे रुपये दिले आणि कागदावर सही घेतली. ती कॅसेट पुढे कितीतरी वर्षं एसटी स्टँडवर वाजायची आणि आम्ही भावंडं ‘बाबांची ढोलकी’ म्हणून थांबून ऐकायचो. घरात मात्र त्यानंतर त्या कंपनीचं पोस्टकार्डसुद्धा आलं नाही. म्हणून ‘कायमस्वरूपी’ हा शब्द करारात दिसला की मी सही करणाऱ्याचा हात धरतो.

माझ्या वडिलांकडे नव्हतं असं एक शस्त्र तुमच्याकडे आहे. कॉपीराइट कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली. तिच्यानुसार गीतकार आणि संगीतकार आपल्या रचनेच्या वापरातून मिळणाऱ्या रॉयल्टीचा निम्मा हक्क कंपनीला लिहून देऊ शकत नाहीत. वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीलाच देता येतो. कराराच्या नवव्या कलमात ‘लेखक सर्व प्रकारच्या रॉयल्टीवरील हक्क सोडत आहे’ असं जे छापलंय, ते गीतकार म्हणून तुमच्या या हक्कापुरतं टिकणारं नाही. पण हे अंगावर पडल्यावर कोर्टात सांगत बसण्यापेक्षा आधीच खोडून घ्या. आणि गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीचं, म्हणजे आयपीआरएसचं सदस्यत्व घ्या. शब्द तुमचे आहेत, म्हणजे गीतकार म्हणून तुम्ही पात्र आहात. बीट करणाऱ्या मित्रालाही संगीतकार म्हणून नाव नोंदवायला सांगा आणि कुणाचा किती वाटा ते आत्ताच, दोस्ती शाबूत असताना, कागदावर लिहा. एक गोष्ट लक्षात ठेवा, हे संरक्षण रचनेला आहे. मास्टर रेकॉर्डिंग वेगळी मालमत्ता आहे आणि ते एकदा विकलं की विकलं. कायद्यात त्याच्या कॉपीराइटची मुदत प्रकाशनानंतर साठ वर्षं आहे. तुम्ही ८६ वर्षांचे व्हाल तोवर.

आणखी एक जागा, जी तुमच्या लक्षात आलेली दिसत नाही. सगळ्यात चाललेल्या गाण्यात तुम्ही जुन्या लावणीच्या रेकॉर्डमधला ढोलकीचा तुकडा उचललाय, आणि लेबलने नेमकं तेच गाणं पाचांत मागितलंय. करारात तुम्ही हमी देताय की सर्व काही मूळ आहे, आणि कुणी दावा लावला तर भरपाई तुम्ही द्यायची. जुन्या रेकॉर्डच्या मालकाची परवानगी तुमच्याकडे नाही. म्हणजे दोन लाखांच्या चेकबरोबर तुम्ही न मोजलेली जबाबदारी उचलताय. तीच गोष्ट ऑनलाइन लीजवर घेतलेल्या दोन बीट्सची. लीजची बीट आणखी पन्नास जणांकडे असू शकते, तिला बहुधा स्ट्रीमची मर्यादा असते, आणि तिच्यावरचं गाणं तुम्ही कुणाला ‘एक्सक्लुझिव्ह’ म्हणून देऊच शकत नाही.

लेबलला तोंडावर नाही म्हणा, असंही मी सांगत नाही. उलटा प्रस्ताव द्या: दोन गाणी, तीही हक्क न विकता परवान्यावर, मुदत पाच वर्षं, हिस्सा निम्मा, शोच्या मानधनाला हात नाही, आणि खर्च वळता करायचा तर तुमच्या मंजुरीशिवाय खर्च नाही. उचल कमी मिळेल, मिळू दे. कॉपीराइटचं काम करणाऱ्या वकिलाकडून करार एकदा वाचून घ्या आणि त्याची फी आनंदाने भरा. गाण्यापायी मी तुम्हाला बिनशर्त करायला सांगतोय असा तो एकच खर्च आहे. उत्तराला महिनाअखेरची मुदत त्यांनी घातली आहे, तुम्ही नाही. दोन आठवडे मागून घ्या.

मग नोकरीचं काय? सोडायचीच असेल तर निदान आत्ता नको. पाच वर्षं पूर्ण व्हायला दहा महिने आहेत. तुमचं बेसिक १३,०००. पाच वर्षं भरली की ग्रॅच्युइटीचे ३७,५०० रुपये हक्काचे. आज राजीनामा दिलात तर ते मिळणार नाहीत. पीएफही पाच वर्षं सलग नोकरीनंतर काढला तर करमुक्त असतो, पण तो काढूच नका. आणि सगळ्यात मोठी गोष्ट तुमच्या पगारपत्रकात १५४ रुपयांच्या कपातीत दडलेली आहे. ते ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा आहे. आईंच्या शुगरच्या गोळ्या आणि तपासण्या त्या दवाखान्यातून होतात. नोकरी सुटली की काही महिन्यांत तो आधार जातो. महात्मा फुले जन आरोग्य योजना मोठ्या आजारात रुग्णालयाच्या खर्चाला मदत करेल, पण रोजच्या गोळ्यांना नाही.

म्हणून आईंसाठी स्वतंत्र आरोग्य विमा आजच घ्या, ईएसआय चालू असतानाच. आधीपासून असलेल्या आजाराला प्रतीक्षा काळ लागतो, आता तो जास्तीत जास्त तीन वर्षांचा आहे. हे घड्याळ जितक्या लवकर सुरू होईल तितकं बरं. वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटीही सप्टेंबर २०२५ पासून शून्य झालाय.

हातात साडेअठरा हजार येतात, घरखर्च पंधरा. उरलेले साडेतीन हजार महिन्याच्या पहिल्या तारखेलाच वेगळ्या खात्यात टाका. दहा महिन्यांत ३५,००० होतात, आणि नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी धरून ७२,५००. आईंच्या पॉलिसीचा हप्ता वजा जाता सोडताना साधारण चार महिन्यांचा घरखर्च हाताशी राहील. या पैशाला गाण्यासाठी हात लावायचा नाही. गाण्याचा खर्च गाण्याच्या कमाईतून. गेल्या वर्षी सात शोंचे ३१,००० आले, प्रवास आणि डीजे मित्राचे पैसे जाता १८,००० उरले. यूट्यूब आणि ऑडिओचे ९,३०० धरले की २७,००० होतात. तुमच्याच कोटेशनच्या दराने त्यात विकत घेतलेल्या बीटची दोन पूर्ण गाणी बसतात. बाकीची मित्राच्या बीटवर, वाटा ठरवून. दोन-दोन महिन्यांनी एक गाणं आलं तर प्रत्येकाला श्रोत्यांपर्यंत पोचायला वेळ मिळेल. सत्तर हजारांचा व्हिडिओ कशाला? त्या प्रेस मशीनच्या गाण्याला पहाटे कारखान्याच्या गेटबाहेर, पहिल्या शिफ्टची सायकली-मोटारसायकलींची रांग लागते तिथे, मोबाइलवर केलेलं चित्रण शोभून दिसेल.

आकडे बघा, तुमचा खरा पैसा शोमध्ये आहे. शिवजयंती, गणेशोत्सव, कॉलेजची गॅदरिंग, यांच्या सुपाऱ्या दोन-तीन महिने आधी ठरतात. निम्मे पैसे आगाऊ घेतल्याशिवाय तारीख देऊ नका. आयोजकाने दहा टक्के टीडीएस कापला तर विवरणपत्र भरून तो परत मिळवा, तुमच्या उत्पन्नावर कर लागत नाही. यूट्यूबच्या खात्यात कराची माहिती भरलेली नाही, असं तुम्ही पाठवलेल्या स्क्रीनशॉटवरून दिसतंय. ती आज भरा. ती भरली की भारत-अमेरिका कर-करारामुळे फक्त अमेरिकेतल्या प्रेक्षकांच्या कमाईवर पंधरा टक्के कापले जातात. माहिती नसेल तर जगभरच्या कमाईवर २४ टक्क्यांपर्यंत कपात होऊ शकते.

तुम्ही पुण्याच्या ताडीवाला रोडच्या रॅपर एमसी स्टॅनचं उदाहरण दिलंत. बिग बॉस त्याने फेब्रुवारी २०२३ मध्ये जिंकलं, पण त्याआधी काही वर्षं तो यूट्यूबवर आपला ऐकणारा वर्ग जमवत होता, हेही त्याच उदाहरणात आहे. मला तुमच्यासाठी लॉस एंजेलिसचा रॅपर निप्सी हसल जास्त जवळचा वाटतो. २०१३ मध्ये त्याने आपली मिक्सटेप, म्हणजे गाण्यांचा संग्रह, इंटरनेटवर फुकट ठेवली आणि तिच्याच फक्त हजार प्रती प्रत्येकी शंभर डॉलरला विकल्या. मोजकी माणसं पुरली. तुमच्या साडेअकरा हजारांतले दोनशे जण चारशे रुपयांचा टी-शर्ट घेतील का, हे येत्या शिवजयंतीच्या शोला पन्नास टी-शर्ट छापून बघा.

नोकरी कधी सोडायची, याला मी तारीख देत नाही, आकडा देतो. शोमधून खर्च जाता सलग सहा महिने सरासरी पंधरा हजार उरले आणि सहा महिन्यांचा घरखर्च, म्हणजे ९०,०००, बाजूला असला की राजीनामा द्या, मीच तुमचं अभिनंदन करीन. आज हा आकडा महिन्याला दीड हजार आहे. दहा महिन्यांत तो पंधरा होईलच असं नाही. नाही झाला तर नोकरी आणखी एक वर्ष. आठवड्याला बदलणाऱ्या शिफ्टमुळे लिहायला बसता येत नाही, ही तुमची तक्रार मात्र रास्त आहे. सुपरवायझरकडे कायमची पहिली शिफ्ट मागा. दुपारी साडेतीनला सुटलात तर संध्याकाळ तुमची.

आईंनी एफडी मोडायला होकार दिला, यात मला त्यांचा जीव दिसतो. त्यांना सांगा, पावती पुन्हा पत्र्याच्या पेटीत ठेवा. आणि पॉलिसीच्या अर्जात शुगर स्पष्ट लिहा, गोळ्यांच्या नावासकट. एजंट ‘नका लिहू’ म्हणाला तर एजंट बदला.