मनुस्मृतीला स्कोप किती?

प्रश्न : मुलगा बारावी कॉमर्सला आहे, वकील व्हायचं म्हणतो. पण येत्या दहा वर्षांत देश पुन्हा धर्मशास्त्रावर चालणार, असं आमच्या ग्रुपवरचे जाणकार सांगतात. मग एलएलबीत पाच वर्षं घालवण्यापेक्षा थेट मनुस्मृतीचा कोर्स केला तर पुढे स्कोप आहे का? मी पाटबंधारे खात्यातून उपअभियंता म्हणून निवृत्त झालो. घराचा हप्ता अजून चालू आहे, त्यामुळे खर्च विचार करूनच करायचा आहे. ता. क. धाकटी दहावीत आहे. तिच्या डोक्यात मर्चंट नेव्हीचं खूळ आहे. तिलाही दोन शब्द सांगावेत.
— एक पालक

नमस्कार,

तुम्ही मुलाची शाखा कळवलीत, आवड कळवलीत, वर्ण मात्र कळवला नाहीत. आज मला तो विचारावा लागत नाही, पण तुम्ही म्हणता तो कायदा आला की माझं सगळं काम त्या एका रकान्यावर उरकेल. कल चाचणी नको, समुपदेशन नको. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात सरळच लिहिलंय : खालच्या जातीत जन्मलेल्याने लोभाने वरच्याचं काम करून पोट भरलं, तर राजाने त्याचं होतं नव्हतं ते काढून घ्यावं आणि त्याला लगोलग देशाबाहेर घालवावं. म्हणजे इतकी वर्षं मी ज्याची फी घेतो आहे, ती गुन्ह्याला चिथावणीच म्हणायची. दुकानाला कुलूप लागण्याआधी तुमचं उत्तर लिहून टाकतो.

आधी नोकरीचं बघू. शास्त्र सांगण्याची सरकारी नोकरी एके काळी खरोखर होती. १७७२ साली बंगालचा इंग्रज गव्हर्नर वॉरन हेस्टिंग्जने ठरवलं, की हिंदूंचे लग्न, वारसा वगैरे तंटे शास्त्राप्रमाणे मिटवायचे. गोऱ्या न्यायाधीशाला शास्त्र येईना, म्हणून कोर्टात पगारी पंडित बसवले. १८६४ मध्ये ही पदं रद्द झाली. त्यानंतर जाहिरात निघालेली नाही.

ती निघालीच, तर न्यायाधीशपदाची पात्रता आठव्या अध्यायात आहे. नुसत्या जन्मावर जगणारा, नावापुरता ब्राह्मण असला तरी राजाला धर्म सांगायला चालेल. शूद्र मात्र कधीही नको. न्यायिक सेवेच्या परीक्षेला रात्र रात्र बसणाऱ्या मुलांचे कष्ट वाचतील, एवढं मान्य करायला हवं. अभ्यास करूनही उपयोग नाही आणि न करताही अडत नाही.

पण मुलाला वकिलीच करायची आहे, तेव्हा एक केस हातात घेऊ. समजा, तुम्ही रिक्षात मागे बसलाय आणि रिक्षाने कुणाला तरी उडवलं. त्या काळी बैलगाडी आणि रथ होते, पण कायदा कायदाच. धडकेआधी चालकाने ‘बाजूला हो’ म्हणून ओरडून सांगितलं असेल तर त्याला दंड नाही. (आपल्याकडचे निम्मे चालक हे कलम आजही पाळतात, फक्त हॉर्नने.) चालक अडाणी निघाला तर मालकाला दोनशे ‘पण’ दंड. आणि अशा अडाण्याच्या गाडीत बसलात म्हणून प्रवाशांनाही प्रत्येकी शंभर. ‘पण’ म्हणजे तांब्याचं नाणं, वजन ऐंशी गुंजा. मीटरच्या भाड्याशिवाय हे वेगळे मोजावे लागतील.

साक्षीपुरावा तर फारच सोपा. कर्जाच्या खटल्यात साक्ष दिल्यावर सात दिवसांच्या आत साक्षीदार आजारी पडला, त्याच्या घराला आग लागली किंवा भाऊबंदांत कुणी गेलं, तर तो खोटं बोलला असं धरायचं. कर्ज त्याने फेडायचं, वर दंडही भरायचा. उलटतपासणी शिकण्यात मुलाने वेळ घालवू नये. साक्षीदाराला ताप येतो का, एवढं पाहायला थर्मामीटर पुरेल. डेंग्यूच्या दिवसांत मात्र साक्षीदार मिळणं कठीण.

आता तुमच्या हप्त्याकडे वळतो, कारण पत्रातली खरी काळजी मला तिथे दिसली. व्याजाचा दर दरमहा शेकडा दोन, तीन, चार आणि पाच. कोणता कुणाला, हे ओळखलंच असेल : ब्राह्मणाला दोन, शूद्राला पाच. वर्षाला चोवीस ते साठ टक्के. तुमचा बँकेतला दर अर्ध्या टक्क्याने चढला तेव्हा कसं वाटलं होतं, ते आठवा. व्याज मुद्दलापेक्षा जास्त साचू द्यायचं नाही, हा दामदुपटीचा नियम तेवढा चांगला होता. जुन्या मुंबई इलाख्यात तो इंग्रजांच्या कोर्टांनीही मानला. चांगलं होतं ते असं वेचून घेता आलं. तुमच्या ग्रुपला मात्र अख्खं पोतं हवंय, खड्यांसकट.

आणि साहेब, तुमचं खातं. तिसऱ्या अध्यायात श्राद्धाला कोणते ब्राह्मण जेवायला बोलावू नयेत, याची लांबलचक यादी आहे. त्यात पाण्याचे प्रवाह फोडणारा आणि प्रवाह अडवण्यात रमलेला असे दोघे शेजारी शेजारी आहेत. कालवा आणि बंधारा, तुमची अख्खी सर्व्हिस एका ओळीत बसली. सोबत वैद्य आहे, घरं बांधून देणारा आहे, पगार घेऊन शिकवणारा आणि फी देऊन शिकणारा दोघेही आहेत, म्हणजे सगळे क्लासवाले आले. ग्रहताऱ्यांवर पोट भरणाराही आहे, तेव्हा मुहूर्त काढून देणाऱ्या तुमच्या गुरुजींना हे पान दाखवू नका. पुढे अकराव्या अध्यायात खाणींवर अधिकारी होणं आणि मोठी यंत्रं चालवणं ही उपपातकं, म्हणजे दुय्यम पापं, ठरवली आहेत. मेकॅनिकल आणि मायनिंग दोन्ही शाखा बंद. अर्थात श्राद्धाची यादी ब्राह्मणांपुरती आहे. बाकीच्यांना मुळात आमंत्रणच नाही, त्यामुळे वगळण्याचा प्रश्न येत नाही.

२५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला हा ग्रंथ जाहीरपणे जाळला गेला, तेव्हा त्यातलं कुठलं पान कुणाच्या पाठीवर पडतं, हे जाळणाऱ्यांना चांगलं ठाऊक होतं. तो परत आणा म्हणणाऱ्यांपैकी माझ्याकडे आलेल्या एकानेही आपलं स्वतःचं पान उघडून पाहिलेलं नव्हतं. ग्रुपवरच्या जाणकारांचा व्यवसाय विचारा आणि मला कळवा, ओळ मी शोधून देतो.

मुलाला धर्मशास्त्राची खरंच ओढ असेल (तुम्हाला आहे म्हणून नव्हे), तर त्यालाही रस्ता आहे. धर्मशास्त्राचा इतिहास लिहून १९६३ साली भारतरत्न मिळवणारे पां. वा. काणे मुंबई हायकोर्टात वकिली करत होते. संस्कृत आणि कायदा दोन्ही. तेव्हा पाच वर्षांच्या लॉ सीईटीचा फॉर्म भरू द्या, जमलं तर राष्ट्रीय विधी विद्यापीठांची प्रवेश परीक्षा क्लॅटही द्यायला सांगा, आणि संस्कृत बाजूने चालू ठेवा. फौजदारी कायद्याची पुस्तकं घेताना जुनी पिनल कोडची प्रत स्वस्तात मिळते म्हणून उचलू नका. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे.

राहता राहिली धाकटी. तुमच्या नव्या कायद्यात तिच्यासाठी करिअर हा विषयच नाही. लहानपणी बाप, तरुणपणी नवरा, म्हातारपणी मुलगा. चोवीस वर्षांच्या मुलाला आठ वर्षांची मुलगी योग्य म्हटली आहे, त्या हिशेबाने दहावीतली म्हणजे फार उशीर झाला. सध्याच्या कायद्यात मात्र तिला भरपूर वेळ आहे. अकरावीला सायन्स घ्या, फिजिक्स, केमिस्ट्री आणि गणित हवंच. या तीन विषयांत बारावीला साधारणपणे सरासरी साठ टक्के लागतात, इंग्रजीकडेही दुर्लक्ष नको. मग सागरी विद्यापीठाची प्रवेश परीक्षा, आयएमयू सीईटी. त्याआधी डोळे तपासून घ्या, रंगांधळेपणा असेल तर डेकवर घेत नाहीत. हे आत्ताच कळलेलं बरं.

समुद्रावर जाणाराही त्या श्राद्धाच्या यादीत आहे, हे तुम्हाला सांगायला हवं. तिला पंक्तीत जागा मिळणार नाही. पण बाहेर डॉक्टर असतील, क्लासवाले असतील, तुमचे गुरुजी असतील, तुम्ही असाल. मीही फी घेऊनच शिकवतो, म्हणजे मीही तिथेच. डबे आपापले आणू.