आखाजीचे प्रश्न: घागर, गौराई, पत्ते आणि पाऊस

चैत्र संपत आला की आमच्याकडे दुसऱ्या विषयावरची पत्रं जवळपास बंदच होतात, सगळं आखाजीचंच, म्हणजे आपल्या खान्देशातल्या अक्षय तृतीयेचं. त्यातले काही प्रश्न यावेळी घेतलेत.

प्रश्न: माझं माहेर चोपड्याचं, सासर साताऱ्याकडचं. सासरी अक्षय तृतीया म्हणजे चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाचा शेवटचा दिवस आणि जमलं तर ग्रॅमभर सोनं, विषय संपला. मी म्हटलं आमच्याकडे हा दिवाळीएवढा सण, तर नवरा म्हणतो माहेरी जायचे बहाणे. हा एवढा मोठा का झाला ते सांगा ना.

ताई, बहाणा आहेच, त्याला सांगा बरोबर ओळखलंस. फक्त तो अख्ख्या खान्देशाने मिळून मान्य केलेला बहाणा आहे. बघा ना, वैशाख शुद्ध तृतीयेला गहू-हरभरा घरात येऊन पडलेला असतो, खरिपाची पेरणी अजून महिना-दीड महिना लांब, शेतात नांगरट-वखरटी सोडली तर काम नाही, म्हणजे सासरच्यांना सुनेला अडवून ठेवायला कारणच उरत नाही. भाऊ न्यायला येतो आणि बाई निघते. गावातल्या सगळ्या लेकी एकदमच आलेल्या असतात, निंबाच्या झाडाला झोके बांधलेले, आणि मग सासूबद्दल जे वर्षभर बोलता आलं नाही ते सगळं गाण्यातून बाहेर पडतं, तेही अहिराणीत, म्हणजे अजिबात गाळून-बिळून नाही.

सणाचा जीव गौराईत आहे. तुमच्या सासरची चैत्रगौर आणि आपली गौराई तशी एकाच देवीची रूपं, पण आपल्याकडे ती पोरींच्या ताब्यात असते. टोपलीत माती घालून गहू पेरायचे, रोज गाणी म्हणत पाणी आणायचं, ते पिवळट हिरवे कोंब वाढवायचे. गौराई म्हणजे माहेरी आलेली पार्वतीच, तिला न्यायला शंकर येतो आणि तिची बोळवण झाली की लेकींचीही बॅग भरायची वेळ येते. काही गावांमधे बोळवणीला नदीच्या दोन काठांवर दोन बाजूंच्या पोरी उभ्या राहून एकमेकींना मनसोक्त शिव्या देतात, कधीकाळी गोटेही फेकायच्या. बाकी वर्षभर ज्यांनी मान खाली घालून राहायचं त्यांना एक दिवस तोंड सोडायची परवानगी, हे मला तरी सणातलं सगळ्यात शहाणपणाचं कलम वाटतं.

पुराणातली कारणं विचाराल तर ती भरपूर आहेत. ही चार युगादि तिथींपैकी एक, त्रेतायुग या दिवशी सुरू झालं असं बहुतेक ठिकाणी सांगतात (काही जण कृतयुग म्हणतात), परशुरामांचा जन्म याच दिवसाचा, पांडवांना वनवासात सूर्याने दिलेलं अक्षय पात्र पण याच दिवसाला जोडतात. जैन मंडळींसाठी तर हा फार मोठा दिवस, ऋषभदेवांनी वर्षभराचा उपास हस्तिनापुरात श्रेयांस राजाच्या हातून उसाचा रस घेऊन सोडला तो हा. पण आपल्या गावाकडे यातलं फारसं कोणी काढत नाही. तिथे आखाजी म्हणजे लेक, पितर आणि सालदार. हो, सालदार राहिलाच की! शेतावरच्या गड्याचं साल आखाजी ते आखाजी, जुना हिशोब चुकता करायचा, नवा गडी ठरवायचा, उचल द्यायची. म्हणजे शेतकऱ्याचं मार्च एंडिंग ते हेच.

आणि नवऱ्याला एकदा खापरावरचे मांडे करताना बघायला न्या. पुरण भरलेला गोळा थोडा लाटून झाला की लाटणं बाजूला, मग दोन्ही हातांवर झुलवत झुलवत तो कोपरापर्यंत येईल एवढा मोठा करायचा आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या खापरावर अलगद उलटायचा, एवढं करून तो फाटत नाही. बरोबर आमरस, कुरडया, पापड. त्यानंतर बहाणा हा शब्द तो काढणार नाही.

प्रश्न: ४४ डिग्रीत कसला वसंत? आणि तारीख दरवर्षी का पळते?

पंचांगात चैत्र-वैशाख हा वसंतच, आता जळगावच्या उन्हाला कोण सांगणार. तारखेचं म्हणाल तर चांद्र वर्ष साधारण ३५४ दिवसांचं, म्हणून सण दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतो आणि मधे अधिक महिना पडला की उडी मारून पुढे जातो. २०२३ ला २२ एप्रिल होती, त्या वर्षी अधिक श्रावण आला म्हणून २०२४ ला थेट १० मे, मग २०२५ ला परत ३० एप्रिल.

प्रश्न: वडील गेल्या कार्तिकात गेले. आम्ही धुळ्यात फ्लॅटमधे राहतो, चूल नाही, अंगण नाही. आईला वडिलांच्या नावाने घागर भरायचीच आहे. कशी करायची आणि ब्राह्मण लागतो का?

आईंना म्हणावं नक्की भरा, फ्लॅटने काही अडत नाही. कुंभाराकडून नवी घागर आणायची, वर ठेवायला छोटं मडकं. धुऊन पाणी भरायचं, गळ्याला सूत गुंडाळायचं, खाली थोडे गहू, वर डांगर (खरबूज) आणि कैरी किंवा आंबा. नैवेद्याला पुरणपोळी, आमरस, सांजोरी, जे वडिलांना आवडायचं ते. आगारीसाठी, म्हणजे पितरांचा घास निखाऱ्यावर द्यायला, गॅलरीत जुन्या तव्यात गोवरीचा तुकडा पेटवा, निखारा झाला की त्यावर तूप आणि घास टाकून वडिलांचं नाव घ्या, धूर होतो म्हणून शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा.

युगादि तिथीचं श्राद्ध पिंडाशिवायच सांगितलेलं आहे, त्यामुळे मोठा विधी लागत नाही, घरच्या घरी होतं. पहिल्या वर्षाच्या रीती मात्र भाऊबंदकीगणिक बदलतात, तेवढं घरातल्या मोठ्या माणसाला विचारून घ्या. पाण्याची घागरच का, तर भर उन्हाळ्यात आपल्याला गेलेल्या माणसाची पहिली काळजी त्याच्या तहानेची वाटते. भविष्य पुराणातली कथा पण तीच आहे, धर्म नावाचा एक वाणी दर अक्षय तृतीयेला पाण्याच्या घागरी आणि अन्न दान करायचा तो पुढच्या जन्मी कुशावतीचा राजा झाला. तेव्हा एक घागर जास्तीची आणून जिथे माणसं उन्हात थांबतात अशा ठिकाणी भरून ठेवलीत तर उत्तमच. घरची घागर नंतर पुसून प्यायच्या पाण्याला वापरा, वाया घालवू नका.

प्रश्न: आखाजीला पत्ते चालतात, पोलीस काही करत नाहीत, खरं का?

घरच्यांनी अंगणात सतरंजी टाकून खेळणं वेगळं आणि पैसे लावून अड्डा बसवणं वेगळं. १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आखाजीची सुट्टी घेत नाही भाऊ. आणि सालाची उचल एका रात्रीत पत्त्यात घालवून बसलेला माणूस प्रत्येक गावाने बघितलाय.

प्रश्न: साडेतीन मुहूर्तातला दिवस म्हणून पुतणीचं लग्न उरकताहेत, ती १७ ची आहे. मी बोललो तर भाऊ म्हणतो मुहूर्त न बघता लागतं त्या दिवशी.

मुहूर्त बघावा लागत नाही, वय बघावं लागतं, मुलीचं १८ आणि मुलाचं २१. २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्यात अक्षय तृतीयेचं नाव घालूनच लिहिलंय, अशा दिवशी सामूहिक बालविवाह रोखायला स्वतः जिल्हाधिकारीच प्रतिबंध अधिकारी समजले जातात. भावाला हे दाखवा, नाही ऐकलं तर चाइल्डलाइनच्या १०९८ वर फोन करा. भाऊबंदकीत बोलणी खावी लागतील, खा.

प्रश्न: भेंडवळची घटमांडणी ऐकून कापूस लावावा का? तुमच्या जळगावचीच ना ती?

नाही हो, ते जळगाव जामोद, बुलढाणा जिल्हा, हा घोळ दरवर्षी होतो. तिथे आखाजीला शेतात गोल करून त्यात अठरा प्रकारचं धान्य मांडतात, मधे घागर आणि पावसाच्या चार महिन्यांची चार ढेकळं, दुसऱ्या दिवशी काय हललं, काय भिजलं यावरून पीकपाणी सांगतात. ऐकायला मजा येते, पारावर चार दिवस गप्पांना विषय मिळतो, पण बियाण्याचे पैसे त्यावर लावू नका. कोरडवाहू असाल तर ७५ ते १०० मिमी पाऊस पडून जमीन चांगली ओली झाल्याशिवाय पेरू नका, आणि ड्रिप असलं तरी गुलाबी बोंडअळीमुळे कृषी विभाग १ जूनच्या आधी लावू नका म्हणतो ते ऐका.