प्राथमिक शिक्षकाला शाळेबाहेर किती वेळ मिळतो, आणि नोकरी सांभाळून जुने घर स्वतः दुरुस्त करता येते का?

आपण डी.एल.एड.च्या (प्राथमिक शिक्षक होण्यासाठीच्या पदविकेच्या) दुसऱ्या वर्षाला आहात, आणि नोकरी लागल्यावर आजोबांचे कौलारू घर स्वतःच्या हाताने दुरुस्त करण्याइतका वेळ शिक्षकाला मिळतो का, असे आपण विचारले आहे. मी देवगड तालुक्यातल्या एका द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत चौदा वर्षे शिकवते आहे. माझे यजमान मुंबईला नोकरी करतात. सासूबाई आणि मी ज्या घरात राहतो, ते जांभ्याच्या चिऱ्यांचे, मंगलोरी कौलांचे घर गेली सहा वर्षे आम्ही टप्प्याटप्प्याने दुरुस्त करत आहोत. तेव्हा दोन्ही बाजू अनुभवाने सांगता येतील.

आधी शाळेच्या आतले सांगते, कारण बाहेरचा वेळ त्यावरच ठरतो. शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन व्हावे लागते, आणि शिक्षकाच्या कामाचे आठवड्याला किमान ४५ तास धरलेले आहेत, ज्यांत पाठाची तयारीही येते. लोकांना शाळा सुटल्याची घंटा ऐकू येते, तयारीचे तास दिसत नाहीत. आमच्याकडे चार वर्गांत मिळून २३ मुले आहेत. माझ्याकडे पहिली आणि तिसरी एकाच खोलीत बसतात. तिसरीला वाचनाचा उतारा देऊन पहिलीसमोर मणी आणि काड्या मांडायच्या, आणि पहिली मोजण्यात रमली की तिसरीकडे वळायचे, हे दिवसभर चालते. त्याआधी सकाळी स्वयंपाक करणाऱ्या ताईंना पोषण आहाराचे धान्य मोजून द्यायचे असते: मुलामागे १०० ग्रॅम तांदूळ आणि २० ग्रॅम डाळ, म्हणजे पूर्ण हजेरी असेल तर दोन किलो तीनशे ग्रॅम आणि चारशे साठ ग्रॅम. तो आकडा त्याच दिवशी ऑनलाइन भरावा लागतो, आणि सड्यावर (आमच्या उघड्या कातळी पठारावर) रेंज मिळाली नाही की ते काम संध्याकाळी माझ्याबरोबर घरी येते.

याशिवाय दशवार्षिक जनगणना, निवडणुका आणि आपत्ती निवारण ही तीन अशैक्षणिक कामे कायद्यानेच शिक्षकांकडे सोपवता येतात. २०२४ च्या मे महिन्यात आमचे छप्पर उतरवायचे ठरले होते, सुतारही सांगून ठेवला होता. आमच्या रत्नागिरी-सिंधुदुर्ग मतदारसंघात ७ मे रोजी मतदान झाले. प्रशिक्षणे, आदल्या दिवशी यंत्रे ताब्यात घेणे, रात्री केंद्रावर मुक्काम आणि मतदानानंतर सगळे साहित्य परत करणे, यांत सुट्टीचा सुरुवातीचा, छपरासाठी सर्वांत कोरडा असा काळ गेला, आणि सुतार दुसऱ्या कामाला लागला. मला त्याचे वाईट वाटले तरी ते काम मी मनापासून केले. मात्र तेव्हापासून घराचे कोणतेही काम ठरवताना मी निवडणुकांचे वेळापत्रक आधी पाहते.

शिक्षकाचा मोकळा वेळ एकूण मोजला तर कमी नसतो, पण तो सलग मिळत नाही. शनिवारी सकाळची शाळा असते, म्हणून दुपार मोकळी असते. दिवाळीची आणि गणपतीची सुट्टी असते, आणि मे महिना असतो. त्यामुळे कोणते काम कोणत्या वेळेत बसते, हे ओळखणे हीच यातली खरी गोष्ट आहे. खिडकीची झडप उतरवून घासणे, कुजलेला तुकडा काढून सांधणे, काजूच्या टरफलांचे तेल लावणे, हे एका शनिवारचे काम आहे. (हे तेल वाळवीवर उत्तम चालते, परंतु कातडीला लागले तर भाजल्यासारखे फोड येतात. हातमोजे घातल्याशिवाय त्याला हात लावू नये.)

भिंतींच्या कामात मात्र मी सुरुवातीला चूक केली. पहिल्याच वर्षी लवकर उरकावे म्हणून मी भिंतींच्या खालच्या तीन फुटांना सिमेंटचा गिलावा करून घेतला. जांभा सच्छिद्र असतो. तो जोत्यातून ओल वर ओढतो आणि ती हळूहळू हवेत सोडतो. सिमेंटने ती वाट बंद झाली, ओल आतच कोंडली, आणि दुसऱ्या पावसाळ्यात गिलावा फुगून पोळीसारखा सुटू लागला. तो सगळा छिन्नीने काढून मी चुन्याकडे वळले. भट्टीचा चुना पाण्यात विरवून काही आठवडे मुरू द्यायचा, गाळून घ्यायचा, एकास तीन या प्रमाणात वाळू मिसळायची, पातळ थर द्यायचा आणि तो एकदम सुकू नये म्हणून रोज पाणी शिंपडायचे. गवंड्याला रोजावर बोलावले तर हा संथपणा परवडत नाही. शिक्षकाला तो सोयीचा पडतो, कारण शनिवारी दिलेल्या थराला आठवडाभर शाळेत जाण्यापूर्वी दहा मिनिटे पाणी मारण्यापलीकडे काहीच करावे लागत नाही. आमचे माजघर असे सात महिन्यांत पूर्ण झाले. आज ती भिंत पावसाळ्यातही हाताला कोरडी लागते, आणि त्याचा मला फार आनंद आहे.

छप्पर अखेर २०२५ च्या मे महिन्यात उघडले. कौले उतरवून वाळवी लागलेले वासे काढायचे, त्या जागी किंजळीच्या लाकडाचे नवे घालायचे आणि रिपा (कौले ज्यांवर टेकतात त्या आडव्या पट्ट्या) नव्याने ठोकायच्या, असे काम होते. त्या वर्षी मान्सून एरवीसारखा जूनच्या पहिल्या आठवड्यात न येता २५ मे रोजीच देवगडपर्यंत पोहोचला, आणि त्याआधीही चार-पाच दिवस पाऊस कोसळत होता. आमची पश्चिमेची बाजू तेव्हा पूर्ण उघडी होती. ताडपत्रीखाली सासूबाईंनी धान्याचे डबे ओटीवर हलवले, शेजारची चार माणसे न बोलावता आली, आणि पावसाच्या उघडिपींत तीन दिवसांनी ती बाजू झाकली गेली. पूर्वेकडची बाजू आम्ही पुढच्या हिवाळ्यात शनिवार-रविवारी, एका वेळी फक्त चार वाशांइतकी उघडून केली. रात्रीपर्यंत जेवढे झाकता येईल तेवढेच उघडायचे, हा नियम मी त्या मे महिन्यापासून मोडलेला नाही.

कौलांची मागणी द्यायची होती, तेव्हा मी तो हिशोब शाळेत नेला. छपराची एक बाजू सुमारे चाळीस चौरस मीटर होती. मंगलोरी कौल साधारण ४१ सेंटिमीटर लांब आणि साडेतेवीस सेंटिमीटर रुंद असते. त्यावरून एका बाजूला चारशे पंधराच्या आसपास कौले लागतात, असे मी फळ्यावर मांडले. तिसरीतल्या एका मुलीने हात वर करून सांगितले, “बाई, एका कौलावर दुसरे चढते ना!” तिचे वडील पावसाळ्यापूर्वी गावभर नळे परततात, म्हणजे छपराची कौले काढून पुन्हा नीट बसवतात. मग आम्ही पुठ्ठ्याची कौले कापून व्हरांड्यात मांडली आणि प्रत्येक कौलाचा उघडा राहणारा भाग मोजला. तो जेमतेम ३२ बाय साडेवीस सेंटिमीटर भरला, म्हणजे चौरस मीटरला साधारण पंधरा कौले, आणि एका बाजूला सुमारे सहाशे. फुटीसाठी शंभरामागे पाच वेगळी धरली. माझ्या पहिल्या हिशोबाने मागणी दिली असती, तर ऐन पावसात एका बाजूला एकशे ऐंशीहून अधिक कौले कमी पडली असती. क्षेत्रफळ शिकवताना आता दर वर्षी मी ती पुठ्ठ्याची कौले बाहेर काढते.

आता आपल्यासाठी. भरती पवित्र पोर्टलवरून, म्हणजे राज्याच्या शिक्षक भरतीच्या संकेतस्थळावरून होते, त्यामुळे पहिली नेमणूक आजोबांच्या गावाजवळ होईलच असे नाही. पहिली तीन वर्षे शिक्षणसेवक म्हणून काढावी लागतात आणि प्राथमिकला महिना सोळा हजार रुपये मानधन मिळते. त्यात छपराचे लाकूड बसत नाही. ती तीन वर्षे दारे, खिडक्या, चुना यांवर हात बसवण्यात घालवावीत, आणि मुख्य म्हणजे मुलांना वाचायला कसे शिकवायचे हे शिकण्यात, कारण त्या वर्षांतल्या वर्गाला आपली सर्वांत जास्त गरज असते.

पावसाळ्यात त्या घरात चार रात्री तरी राहून पाहा. जेथे पाणी ठिबकते, त्याच्या नेमके वर, वाशावर खडूने खूण करून तारीख लिहून ठेवा. मे महिन्यात सगळे वासे सारखेच कोरडे दिसतात, आणि सुतार आला की कोणता काढायचा हे त्या खुणेशिवाय त्याला दाखवता येत नाही.