वाचकांचे प्रश्न : पावसाळ्यानंतर गोल्फच्या मैदानाची डागडुजी

प्रश्न : आमचे नऊ होलचे गोल्फचे मैदान पुण्याजवळ आहे आणि मी त्याच्या देखभाल समितीचा सदस्य आहे. दरवर्षी पावसाळा सरता सरता सगळी ग्रीन, म्हणजे होलभोवतीचे बारीक कापलेल्या गवताचे पट्टे, मऊ पडतात, त्यांवर काळपट शेवाळ धरते आणि चेंडू नीट घरंगळत नाही. आमचे माळी गेली सहा-सात वर्षे दर ऑक्टोबरात ग्रीनवर नदीकाठचा पोयटा पसरत आले आहेत. यंदा एका जाणकाराने ग्रीनला भोके पाडून त्यांत वाळू भरण्यास सांगितले आहे. डिसेंबरात स्पर्धा असल्यामुळे हे काम जानेवारीत करावे, असे बहुतेक सदस्यांचे म्हणणे आहे. आम्ही काय करावे? (एक वाचक, पुणे)

उत्तर : आपल्याला मिळालेला सल्ला योग्य आहे, जानेवारीचा मुहूर्त मात्र चुकीचा आहे. तो का चुकीचा, हे आधी सांगतो, कारण समितीच्या बैठकीत आपल्याला तेच पटवून द्यावे लागेल.

आपल्या ग्रीनवर बहुधा टिफड्वार्फ किंवा तिच्यासारखी संकरित हरळी असेल. बांधावर आपोआप पसरणारी आणि गणपतीला वाहिली जाणारी जी दूर्वा, तिच्याच कुळातले हे बुटके गवत आहे. त्याला रुजणारे बी धरत नाही. जमिनीलगत धावणाऱ्या कांड्यांनीच ते वाढते आणि कांड्यांनीच जखमा भरून काढते. हे उन्हाचे आणि उबेचे गवत आहे. पुण्यात जानेवारीत रात्रीचा पारा दहा-बारा अंशांपर्यंत उतरतो आणि तेव्हा या गवताची वाढ जवळजवळ थांबते. त्या महिन्यात पाडलेली भोके फेब्रुवारी संपेपर्यंत तशीच उघडी राहतील आणि खेळण्याचा सर्वांत चांगला काळ खडबडीत ग्रीनवर जाईल. हेच काम सप्टेंबरच्या अखेरीस किंवा ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात, परतीच्या पावसाने उघडीप देऊन जमिनीला वाफसा आला की केले, तर ऑक्टोबरच्या उन्हात दोन-तीन आठवड्यांत भोके बुजतात आणि डिसेंबरच्या स्पर्धेला काहीही बाधा येत नाही. भोके गवताच्या वाढीच्या काळात पाडायची असतात. स्पर्धांचे वेळापत्रक त्यानुसार बसवावे.

आता पोयट्याविषयी. आपल्या माळ्यांना मी दोष देणार नाही, कारण घरच्या लॉनवर पावसाळ्यानंतर पोयटा आणि शेणखत पसरण्याची रीत आपल्याकडे सर्वत्र आहे आणि तिथे ती चालूनही जाते. ग्रीनचे तसे नाही. चांगले ग्रीन म्हणजे खडीच्या थरावर सुमारे ३० सेंटिमीटर जाडीचा वाळूचा थर असतो आणि पाणी त्यातून झरझर खाली जावे हाच त्या रचनेचा हेतू असतो. अशा वाळूवर बारीक कणांच्या मातीचा थर बसला की पाणी त्या थरातच अडकते. वरची माती पुरती भिजून तुडुंब झाल्याखेरीज ते खालच्या भरड वाळूत उतरतच नाही. मग मुळांना हवा मिळत नाही, ती वरच्या दोन-तीन सेंटिमीटरांतच घुटमळतात आणि पृष्ठभागावर शेवाळ येते. शेवाळावर औषध फवारून ते तात्पुरते जाते. थर मात्र राहतो.

याची खातरजमा आपण स्वतः करू शकता. ग्रीनच्या कडेला सुरीने १५ सेंटिमीटर खोल पाचर कापून काढा आणि तिची बाजू नीट पाहा. दरवर्षीच्या पोयट्याची पट्टी वेगळी दिसेल. मुळे कुठवर पोहोचली आहेत ते मोजा. माती काळी पडली असेल आणि तिला कुजक्या अंड्यासारखा वास येत असेल, तर आत हवा अजिबात पोहोचत नाही असे समजा. पाचर पुन्हा त्याच जागी दाबून बसवली की गवताला काही होत नाही. प्रत्येक ग्रीनवर ही पाहणी करा, कारण सावलीतल्या ग्रीनची अवस्था बहुधा अधिक वाईट असते. पूर्वेकडची झाडे सकाळचे ऊन अडवत असतील, तर फांद्या विरळ करण्याचा विचार करा. मात्र नागरी हद्दीत त्यासाठी १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्याखालील परवानगी आधी घ्यावी लागते.

भोके पाडताना भरीव खिळ्यांऐवजी पोकळ नळ्यांचे यंत्र वापरावे, म्हणजे मातीच्या गुंडाळ्या बाहेर निघतील. त्या गोळा करून मैदानाबाहेर टाकाव्यात. चुरून परत पसरल्या तर काढलेला पोयटा पुन्हा आत जाईल. ऑक्टोबरात आठ मिलिमीटर जाडीच्या नळ्या पुरतात. मोठे काम, म्हणजे बारा मिलिमीटरच्या नळ्यांनी दहा सेंटिमीटर खोल भोके, मे महिन्याच्या उत्तरार्धात करावे, म्हणजे पहिल्या पावसाच्या आत ग्रीन मोकळे होते. पाच सेंटिमीटर अंतरावर अशी भोके पाडली, तर दर चौरस मीटरला चारशे भोके पडतात, पृष्ठभागाचा सुमारे साडेचार टक्के भाग बदलला जातो आणि पाचशे चौरस मीटरच्या एका ग्रीनला केवळ भोके भरण्यासाठी सव्वादोन घनमीटर वाळू लागते. हा हिशेब मुद्दाम देत आहे, कारण पुष्कळ ठिकाणी वाळू अर्धीच मागवली जाते आणि भोके अर्धवट भरून राहतात. मे आणि ऑक्टोबर मिळून वर्षाला साधारण साडेसहा टक्के भाग बदलेल. म्हणजे सहा-सात वर्षांचा पोयटा एका हंगामात जाणार नाही. तीन वर्षे धीर धरावा लागेल आणि पोयटा आजपासून पूर्ण बंद करावा लागेल.

वाळूची निवड घाईने करू नका. दाणा मुख्यतः पाव ते एक मिलिमीटरचा, चाळलेला आणि धुतलेला हवा. दगड फोडून केलेल्या क्रश सँडमध्ये भुकटी फार असते. ती न धुता वापरली तर पोयट्याचाच दोष नव्याने निर्माण होईल. काचेच्या बरणीत वाळू आणि पाणी घेऊन जोराने हलवा व रात्रभर ठेवा. सकाळी वाळूवर गाळाचा स्पष्ट थर दिसला तर तो ट्रक परत पाठवा. एकदा निवडलेली वाळू दरवर्षी तीच ठेवा. वाळू कोरडी असतानाच पसरावी, ब्रशने भोकांत उतरवावी, हलका रोलर फिरवावा, पाणी द्यावे आणि नत्राची लहान मात्रा द्यावी. पहिले दोन-तीन दिवस कापणी थांबवावी आणि पुढचा आठवडाभर पात्याची उंची साडेतीन-चार मिलिमीटरऐवजी पाच ठेवावी.

वाळू पसरण्याचे महत्त्व स्कॉटलंडमधील सेंट अँड्रूजच्या मैदानाची देखभाल पाहणाऱ्या ओल्ड टॉम मॉरिसने एकोणिसाव्या शतकातच ओळखले होते आणि तिथल्या ओल्ड कोर्स या गोल्फ मैदानाला आजही एरवी रविवारी विश्रांती असते. आपल्या सदस्यांना दहा दिवसांची गैरसोय सोसण्यास सांगताना हे उदाहरण अवश्य द्यावे.

प्रश्न : पावसाने बंकरमधील (मैदानावर अडथळा म्हणून केलेल्या वाळूच्या खड्ड्यांतील) वाळू वाहून जाते आणि लाल माती मिसळून उरलेली वाळू घट्ट होते. दरवर्षी नवी वाळू टाकूनही फरक पडत नाही. (एक वाचक, मुंबई)

उत्तर : मातकट वाळूवर नवी वाळू टाकली की पहिल्याच जोरदार सरीत दोन्ही एक होतात. आधी जुनी वाळू तळापर्यंत उपसा आणि खालचा निचऱ्याचा पाइप गाळाने तुंबला आहे का ते पाहा. त्यात बादलीभर पाणी ओतले की लगेच कळते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे वरच्या उतारावरचे पाणी बंकरमध्ये येऊच देऊ नये. काठाच्या वर उथळ, गवताळ चर काढून ते बाजूला वळवावे. त्यानंतर तळाला सुमारे दहा आणि उतारावर पाच सेंटिमीटर वाळू पुरे. उतारावर जाड थर दिल्यास ती हमखास घसरते.

प्रश्न : आमच्या क्लबात ऑगस्टच्या अखेरीस ग्रीनला भोके पाडतात आणि नोव्हेंबरात दहिवर गोठले की सकाळी खेळ थांबवतात. भारतात असे कधी पाहिले नव्हते. (एक वाचक, ओहायो, अमेरिका)

उत्तर : तिकडच्या ग्रीनवर बेंटग्रास हे थंडीचे गवत असते. कडक उन्हाळा ओसरल्यावर त्याची मुळे पुन्हा जोमाने वाढू लागतात, म्हणून भोके तेव्हा पाडतात. गोठलेल्या पात्यांच्या पेशींत बर्फाचे स्फटिक असतात आणि त्यांवर पाय पडला की पेशी फाटतात. तेव्हा काहीच दिसत नाही. दुपारनंतर पावलांचे ठसे काळपट आणि मग तपकिरी होऊन उमटतात आणि थंडीत वाढ मंदावलेली असल्याने आठवडेच्या आठवडे टिकतात. ऊन वर येऊन दहिवर वितळेपर्यंत थांबण्यास सांगणारे आपले कर्मचारी योग्यच करत आहेत.