एकट्याने खेळताना शत्रूची चाल कोण ठरवणार?

प्रश्न: असईची लढाई (२३ सप्टेंबर १८०३) छोट्या पुतळ्यांनी एकटाच खेळतो. दोन्ही बाजूंचे बेत मलाच ठाऊक, त्यामुळे चुरस राहत नाही. उपाय?

उत्तर: तुम्ही इंग्रज सेनापती वेलस्ली व्हा, शिंद्यांची फौज फाशावर सोडा. इंग्रजांनी केळणा नदी ओलांडली की शिंद्यांच्या पायदळाचा सेनानी पोलमन याच्या प्रत्येक पलटणीसाठी दर डावाला वेगळा फासा टाका. १-२ पडल्यास जागेवरच, ३-४ ला तोंड वळवून निम्मी चाल, ५-६ ला पूर्ण. सगळ्यांना मिळून एकच फासा नको. एका वाईट दानाने अख्खी रांग कुशीवर, म्हणजे बाजूने, मार खाते आणि डाव तिथेच आटोपतो. पोलमनने रांग खरोखरच चपळाईने वळवली होती, म्हणून कवायती पलटणींच्या दानात १ मिळवाच.

इंग्रजांची उजवी फळी भरकटून असई गावातल्या तोफांच्या माऱ्यात सापडली होती. त्या तुकडीसाठीही फासा टाका आणि १ पडला तर ती गावाकडेच वळवा.